आजी-आबाजींच्या आठवणी: आवाज कसा टिपावा आणि कागदावर कसा उतरवावा

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे आपल्या भागातील आंबेडकरी चळवळीचा जुना इतिहास शोधायला निघालेल्या तरुणाला कागदोपत्री गोंदिया कमी आणि भंडारा जास्त सापडतो. 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक लढले ती भंडारा मतदारसंघातून. त्या निवडणुकीत ते पराभूत झाले. अवघ्या दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि धानाच्या या पट्ट्यातूनही माणसे तिकडे गेली. कोणी गाडीने, कोणी बैलबंडीने, कोणी पायी. कोण गेले, सोबत काय नेले, परत आल्यावर घरात आणि गावात काय घडले, हे बहुतेक कुठेच लिहिलेले नाही. ते आहे वृद्धांच्या आठवणीत. 1956 साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या पुढे गेला आहे.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र आज प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. जयंतीला, वर्धापनदिनाला कोणा ज्येष्ठाचे दोन मिनिटांचे बोलणे टिपले जाते, स्टेटसला लागते आणि चोवीस तासांत निघून जाते. लांब मुलाखत कुणी घेतलीच तर ती मोबाईलमध्ये पडून राहते, कारण दीड तासाची फाईल ऐकायला कुणाला वेळ नसतो. आणि ती लिहून काढली तर लिहिणारा ती इतकी शुद्ध, इतकी सुबक करतो की सांगणारी आजी त्यातून नाहीशी होते. आवाज टिपण्याचे काम तुलनेने सोपे आहे. इतिहास हरवतो तो आवाज आणि कागद यांच्या मधल्या जागेत. म्हणून या लेखात ध्वनिमुद्रणाची माहिती आहेच, पण जास्त भर ते लिहून काढण्यावर आहे. त्याला प्रतिलेखन म्हणतात. बोलताना आपण सरळ ट्रान्सक्रिप्शन म्हणतो. मराठीत 'शब्दांकन' हाही शब्द रूढ आहे, पण शब्दांकन करणारा आपल्या भाषेत मजकूर घडवतो. प्रतिलेखन करणाऱ्याने बोलणाऱ्याचे शब्द उतरवायचे असतात. हा फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवलेला बरा.

बाबासाहेबांचे शब्द आपल्यापर्यंत कसे आले

संविधान सभेतील बाबासाहेबांचे प्रत्येक भाषण आपल्याला जवळपास शब्दशः वाचता येते, कारण तिथे बोललेले सर्व टिपून घेण्याची सरकारी व्यवस्था होती. ते वृत्तांत छापील 12 खंडांत आहेत. गावोगावच्या मैदानांत झालेल्या मराठी भाषणांना ही सोय नव्हती. तिथे कुणीतरी वहीत टिपण घेत असे आणि ते चळवळीच्या पत्रात छापले जात असे. 24 नोव्हेंबर 1930 पासून 'जनता', आणि 4 फेब्रुवारी 1956 पासून त्याच पत्राचे नवे नाव 'प्रबुद्ध भारत'. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात झालेले बाबासाहेबांचे दीर्घ भाषण 'प्रबुद्ध भारत'च्या 27 ऑक्टोबरच्या विशेषांकात आले, म्हणून ते आज आपल्या हातात आहे. महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' या मालेचा अठरावा खंड तीन भागांत मराठी भाषणांचा आहे. तो मुख्यतः अशा वृत्तांतांवर उभा आहे. ज्या सभेला टिपण घेणारा नव्हता, ती सभा त्या खंडात नाही.

लिहून घेताना किंवा भाषांतर करताना एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत दिलेला तीन शब्दांचा संदेश मराठीत येताना क्रमही बदलून आला आणि मधल्या शब्दाचा अर्थही. आज ऐंशी वर्षांनंतरही मूळ क्रम कोणता यावर आपल्यात वाद होतात. याउलट 1955 साली बीबीसी रेडिओने गांधीजींविषयी बाबासाहेबांची मुलाखत घेतली, तिचा आवाज उपलब्ध आहे. तिच्या छापील प्रतीत काही शंका आली तर कोणीही ऐकून खात्री करू शकतो. मूळ आवाज जपण्याचा उपयोग नेमका हाच.

आपली परंपरा तर ऐकण्याचीच आहे. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सप यांच्या अध्यक्षतेखाली आनंदांनी सुत्ते आणि उपालींनी विनय म्हणून दाखवला, संघाने तो एकत्र म्हणून पक्का केला आणि पुढे कित्येक शतकांनी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, श्रीलंकेत त्रिपिटक ताडपत्रावर उतरले. त्या मधल्या काळात मजकूर टिकला तो अनेकांनी मिळून पुन्हा पुन्हा तपासल्यामुळे. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने ऐकून तपासावे, हा नियम आपल्या प्रतिलेखनालाही तंतोतंत लागू आहे.

सामान्य माणसांच्या मुलाखतींतून इतिहास उभा करण्याचे उत्तम उदाहरण मराठीत आहे: उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 1989 चे 'आम्हीही इतिहास घडवला'. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांना बोलते करून या दोघींनी जे मिळवले ते त्याआधीच्या कोणत्याही इतिहासात नव्हते. 2008 साली त्याचे इंग्रजी भाषांतर आल्यावर जगभरच्या अभ्यासकांनी ते वाचले. दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, पुढे बर्नार बेल यांच्यासह त्यातील काही हजार ध्वनिमुद्रितही केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यातूनच आज ऐकायला मिळतात. मात्र या दोन्ही कामांत आपल्या झाडीपट्टीचा वाटा फार थोडा आहे. तो भरून काढायला बाहेरून कोणी येणार नाही.

मुलाखतीला बसण्यापूर्वी

वेळ आधी बघा. रोवणीच्या आणि धान कापणीच्या दिवसांत कुणाला बसायला फुरसत नसते, तेंदूपत्त्याच्या हंगामात तर पहाटेपासून घर रिकामे. वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला मंडळी जमतात. ओळख करून घ्यायला ती वेळ चांगली, मुलाखत मात्र घरीच घ्या. विहारात चार माणसांसमोर बोलताना प्रत्येकाचे भाषण होते.

घरातही एक अडचण येते. आजीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलगा देतो. तो वाईट हेतूने देत नाही, त्याला वाटते आईला नीट सांगता येणार नाही. त्याची मुलाखत वेगळी घ्या, आणि आजींशी बोलायला शक्यतो मुलीने बसावे. सुनेसमोर किंवा मुलासमोर ज्या गोष्टी निघत नाहीत, त्या नातीच्या वयाच्या मुलीसमोर निघतात.

'बाबासाहेब कसे होते?' असा प्रश्न विचारला की ऐकलेले, वाचलेले, भाषणातले उत्तर येते. 'आजी, तुमी तवा किती वर्साच्या होत्या? घरून कोन कोन गेलं? रस्त्यात काय खाल्लं? पांढरं लुगडं कुठून आनलं? गावात कोन नाई गेलं?' असे विचारले की आठवण चालू होते. या पिढीला सनावळी विचारू नका. त्यांचा काळ घटनांना बांधलेला असतो: इटियाडोह धरणाआधी की नंतर, छोटी गाडी चालू होती तेव्हा, थोरल्याच्या जन्माच्या वर्षी. सन नंतर आपण लावायचा, तोही कंसात आणि 'अंदाजे' असे लिहून.

बिडीचा विषय आवर्जून काढा. गोंदिया-भंडाऱ्यातल्या आपल्या कितीतरी घरांची चूल बिडीवर चालली. तेंदूपत्ता, जर्दा, दिवसाला किती कट्टे, कोणता ठेकेदार किती बिड्या बाद करायचा, बायांनी कधी आवाज उठवला का. धम्मदीक्षेची आठवण आणि मजुरीची आठवण एकाच माणसाच्या पोटात असतात, पण आपण पहिलीच विचारतो. माझ्या मते हा आपल्या मुलाखतींचा सर्वांत मोठा दोष आहे.

आणि परवानगी. ध्वनिमुद्रण चालू करून तोंडी विचारा: नाव द्यायचे का, छापायचे का, इंटरनेटवर टाकायचे का. ही तीन वेगळी विचारणे आहेत. एकाला हो म्हणजे तिन्हीला हो नव्हे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सार्वजनिक भाषणाचाही पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा असतो. घरात विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला तर त्याहून जास्त जपले पाहिजे.

ध्वनिमुद्रण

साधा स्मार्टफोन पुरतो. तो एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी फोन येतो. घडी केलेल्या दुपट्ट्यावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. थेट लाकडी टेबलावर ठेवला तर प्रत्येक ठोका आवाजात येतो. पंखा आणि कूलर बंद करता आले तर करा. मोकळ्या अंगणापेक्षा गाद्या, गोधड्या, कपडे असलेली खोली चांगली, कारण आवाज घुमत नाही. टिनाच्या छपराखाली पाऊस चालू असेल तर मुलाखत पुढे ढकला. दोन-तीनशे रुपयांचा कॉलर माईक मिळाला तर फरक लगेच जाणवतो. पहिले एक मिनिट टिपून, हेडफोन लावून ऐका आणि मगच पुढे जा.

रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये वेव्ह हा प्रकार असेल तर तो निवडा. 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो या मापात एका तासाला सुमारे 350 एमबी जागा लागते. 128 केबीपीएस एमपीथ्रीला 60 एमबीच्या आसपास. जागा नसेल तर एमपीथ्री चालेल, पण व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून मुलाखत घेऊ नका आणि मूळ फाईल तशी पाठवूही नका. पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, तालुका आणि उपस्थितांची नावे सांगा. फाईलचे नाव बदलले, कार्ड हरवून सापडले, तरी आवाज स्वतःची ओळख सांगेल.

घरात पडलेल्या जुन्या कॅसेटही याच कामात येतात. भीमगीतांच्या विकत मिळणाऱ्या कॅसेट दुसरीकडेही सापडतील. शोधायच्या त्या घरी भरलेल्या: कुण्या मेळाव्यातील भाषण, गावच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम, वारलेल्या कार्यकर्त्याचा आवाज. अशी कॅसेट हाती लागली की आधी तिच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर काही भरले जाणार नाही. पट्टीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती वाजवू नका, जाणकाराकडे न्या. चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, मग टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून संगणकाच्या लाइन-इनला वायर जोडून ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतात, त्याला आडवाट नाही.

लिहून काढताना

एका तासाचे स्पष्ट बोलणे लिहायला सवयीच्या माणसाला साधारण चार ते सहा तास लागतात. बोली जड असेल, दोघे-तिघे एकदम बोलत असतील, तर त्याहून जास्त. हे आधीच ठाऊक असले म्हणजे काम अर्धवट राहत नाही. रोज अर्धा तास बसलात तरी दोन आठवड्यांत एक मुलाखत होते. ओट्रान्सक्राइब हे मोफत साधन आहे, त्यात एकाच पानावर आवाज थांबवता, हळू करता, मागे नेता येतो आणि तिथेच लिहिता येते. टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमध्ये टाइप झालेले आपल्या कितीतरी मासिकांचे अंक आज दुसऱ्या संगणकावर उघडले की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो आणि शोधून काही सापडत नाही.

आता मुख्य गोष्ट, भाषा. गोंदियाच्या आजीची भाषा पुस्तकी मराठी नाही. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा बहुधा 'र', 'श'चा 'स'. आमगाव-गोंदियाकडे एकाच वाक्यात मराठी, हिंदी, पोवारी येते. देवरी-सालेकसाकडे गोंडी आणि छत्तीसगढीचे शब्द मिसळतात. लिहिणारा शिकलेला तरुण नकळत हे सगळे 'सुधारतो'. काय होते ते पाहण्यासाठी नमुन्यादाखल रचलेली चार वाक्ये घेऊ:

'आमी तवा एमपीत होतो. बाबा नागपूरले गेलते. वापस आले तवा घरातले देव टोपल्यात भरले अन् नदीत सोडून आले. माय रडली.'

सुधारल्यावर हे असे होते: 'धम्मदीक्षेनंतर आमच्या घरातील देवदेवतांच्या मूर्तींचे विसर्जन करण्यात आले.'

दुसरे वाक्य व्याकरणात बसते, पण त्यात चार गोष्टी गेल्या. बाबा गेले, करणारा माणूसच वाक्यातून निघाला. टोपले गेले. 'सोडून आले' याच्या जागी 'विसर्जन' हा पूजेतला शब्द आला, म्हणजे कृतीचा अर्थच उलटा झाला. आणि माय रडली, ते तर पूर्णच गळले. त्या घरात बुद्ध धम्म एका रात्रीत कसा आला, बाईला काय सोडावे लागले, हे सांगणारे सगळ्यात मोलाचे वाक्य तेच होते. कदाचित लिहिणाऱ्याला ते अडचणीचे वाटले असेल. अडचणीची वाक्ये गाळायला लागलो तर मग मुलाखत घ्यायचीच कशाला?

'एमपीत होतो' हेही अनेकजण चूक समजून काढतात. ती चूक नाही. राज्य पुनर्रचना 1 नोव्हेंबर 1956 ला झाली. धम्मदीक्षेच्या दिवशी नागपूर आणि भंडारा दोन्ही मध्य प्रदेशात होते, नंतर मुंबई राज्यात आले, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. आजीची आठवण आपल्या सामान्यज्ञानापेक्षा पक्की निघाली. म्हणून सांगणाऱ्याचे काही चुकले असे वाटले तरी मजकुराला हात लावू नका. खाली टीप द्या.

माझी सूचना अशी की दोन प्रती कराव्यात. पहिलीत उच्चार जसा तसा: 'पानी', 'कोन', 'गेलते', अडखळणे, पुन्हा म्हणणे, सगळे. ही प्रत अभ्यासासाठी आणि तपासणीसाठी. दुसरी वाचकांसाठी. तीत अडखळणे कमी केले, विरामचिन्हे नीट दिली तरी चालेल, पण शब्द आणि वाक्यांचा क्रम सांगणाऱ्याचाच हवा. तिसरी, पूर्ण प्रमाण मराठीतली प्रत करायचा मोह होतो. ती करायची तर तिला 'भाषांतर' असे नाव द्या.

दर दोन-तीन मिनिटांनी समासात वेळ लिहा, म्हणजे शंका आल्यास ती जागा लगेच ऐकता येते. ऐकू न आलेल्या शब्दाच्या जागी अंदाजाने शब्द घालू नका, चौकटी कंसात 'अस्पष्ट' लिहून वेळ द्या. हसणे, रडणे, लांब शांतता यांचीही अशीच नोंद घ्या. गावांची आणि माणसांची नावे शेवटी त्याच घरातल्या कुणाकडून तरी तपासून घ्या. आणि पहिली प्रत झाली की दुसऱ्याने हेडफोन लावून, मजकूर समोर धरून ती पूर्ण ऐकावी. त्या माणसाला झाडीबोली घरातून येत असली पाहिजे. पुण्या-मुंबईत शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना हे काम देता येते, फाईल पाठवली की झाले.

शंभर वर्षांपूर्वी जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात बोलींचे नमुने ग्रामोफोनवर घेतले गेले. त्यात लोकांना बहुधा बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट आपापल्या बोलीत सांगायला लावत. बोली टिपली गेली, बोलणाऱ्याचे आयुष्य नाही. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले, त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतील लोकांचे मूळ आवाज आणि त्यांचे लेखी रूप दोन्ही संकेतस्थळावर ठेवले आहे. उच्चार कसा लिहावा याची पद्धत पाहायला ते उपयोगी आहे.

यंत्राकडून लिहून घ्यावे का?

हा प्रश्न प्रत्येक तरुण विचारतो. गूगलने ऑगस्ट 2017 मध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आणले. सप्टेंबर 2022 मध्ये ओपनएआयने व्हिस्पर हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले, ते मराठीही लिहिते. आयआयटी मद्रासचा एआयफॉरभारत हा गट आणि केंद्र सरकारचा भाषिणी हा प्रकल्प भारतीय भाषांसाठी काम करतो आहे. बातम्यांतली प्रमाण मराठी, एकच माणूस, स्वच्छ आवाज, अशा ठिकाणी ही साधने बराच वेळ वाचवतात. परिसंवाद, प्रशिक्षित वक्त्याचे भाषण, संघटनेची बैठक यांसाठी वापरायला हरकत नाही.

आजीच्या मुलाखतीसाठी सांभाळून. व्हिस्परला 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकवले गेले, पण त्यात भारतीय भाषांचा वाटा फारच थोडा होता आणि झाडीबोली कुठून असणार? यंत्राला जो शब्द ओळखीचा नाही, त्याच्या जागी ते ओळखीचा शब्द बसवते. 'धम्म'चे 'धर्म' होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये या दोन शब्दांतला फरक स्वतंत्रपणे मांडला आहे, आणि मोबाईलचा कीबोर्ड तो एका क्षणात पुसतो. 'भन्ते', 'परित्राण', गावांची नावे, आडनावे यांचीही तीच गत. शिवाय लांब शांतता आली की ही साधने कधीकधी न बोललेली वाक्येही लिहून मोकळी होतात. चुकलेला शब्द तपासणाऱ्याला खटकतो. पण हे बनावट वाक्य सुरळीत असते, म्हणून ते नजरेतून सुटते.

तेव्हा यंत्राचा मजकूर कच्चा खर्डा समजावा. संपूर्ण आवाज माणसाने ऐकल्याशिवाय तो कुठेही छापू नये. एक उलटा विचारही करण्यासारखा आहे: मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या खुल्या प्रकल्पात मराठी आवाज दान करता येतो. आपल्या उच्चाराचे आवाज तिथे गेले तर पुढच्या यंत्रांना ते ओळखीचे होतील.

अत्याचाराच्या प्रकरणांत

इथे काम आठवणींचे नाही, पुराव्याचे आहे, आणि नियम वेगळे आहेत. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजी घडले. अशा वेळी कार्यकर्ते सर्वांत आधी गावात पोचतात आणि पीडितांचे, साक्षीदारांचे बोलणे मोबाईलवर घेतात. ते न्यायालयात टिकावे असे वाटत असेल तर मूळ मोबाईल आणि मेमरी कार्ड जसेच्या तसे सांभाळा, त्या फाईलला कात्री लावू नका, नाव बदलू नका. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणुकीच्या प्रकरणात स्पष्ट केले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केले तर ते लागत नाही. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलचे हॅश मूल्यही द्यावे लागते. फाईल जराही बदलली की हॅश बदलतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी वकिलाच्या मदतीने काढून ठेवा.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आलेले कलम 15अ आहे. त्याच्या पोटकलम 10 नुसार या कायद्याखालील गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रण व्हायला हवे. हे अनेक फिर्यादींना ठाऊकच नसते. वकिलामार्फत लेखी अर्ज देऊन ते मागा.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचे कलम 72 त्याबद्दल आहे. तिचा आवाज ग्रुपवर टाकणे म्हणजेही ओळख उघड करणे होऊ शकते, नाव न घेता टाकला तरी. अशी फाईल कोणत्याही ऑनलाइन साधनात लिहून घेण्यासाठी चढवू नका. ती स्वतःच्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून, हाताने लिहा.

जपणूक

तीन प्रती: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह हे नेण्या-आणण्यापुरते, कायमच्या साठवणीसाठी नाहीत. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, गाव आणि आडनाव हा क्रम ठेवला की यादी आपोआप लागते. जाहीर करायला परवानगी असलेल्या मुलाखती इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य ठेवता येतात. प्रतिलेखन कागदावर छापून विहाराच्या वाचनालयात एक प्रत ठेवा. वीज, पासवर्ड, चार्जर यांपैकी काहीच नसले तरी कागद वाचता येतो.

छापण्याआधी तयार मजकूर घेऊन सांगणाऱ्याच्या घरी पुन्हा जावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो सावकाश वाचून दाखवावा, आणि तेव्हाही ध्वनिमुद्रण चालू ठेवावे, कारण ऐकता ऐकता त्यांना राहिलेले आठवते. त्यांनी केलेली दुरुस्ती तारखेसह खाली नोंदवावी. एखादा भाग काढा म्हणाल्या तर छापील प्रतीतून तो काढावा, आणि मूळ आवाज किती वर्षे बंद ठेवायचा हे त्यांनाच विचारून पाकिटावर लिहून ठेवावे.